मोकळी फांदी

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी
काचेमागं एक वंशावळ टांगलेली आहे.
मुन्सफकाकांनी स्वतः बोरूनं काढलेली.
डावीकडं त्यांची सात मुलं, मग त्यांची मुलं, मग आम्ही.
उजवीकडं एकच नाव: विश्वनाथ, धाकटे बंधू.
त्यापुढं काही नाही.
जागा मात्र ठेवलेली, वीतभर.

दामोदर सखाराम ताम्हाणे. माझे पणजोबा,
पण गावाचे काका ते आमचेही काकाच.
अलिबागेकडून बडोद्याला आले तेव्हा गुजराती येत नव्हती.
मांडवीतल्या दुकानांच्या पाट्या वाचून शिकले,
म्हणून पहिल्याच दाव्यात म्हणाले म्हणे,
‘माझा अशील चोख आहे, एकच भाव.’
कोर्ट हसलं. दावा जिंकला.
फी म्हणून तुरीचं पोतं मिळालं.
त्या डाळीवर धाकट्या भावाला बोलावून घेतला,
शाळेत घातला, डभोईला चिकटवला.

मग सनदेचे वकील मुन्सफ झाले
आणि सरकारनं निबंध काढला:
बाराच्या आतल्या मुलीचं लग्न लावाल, तर दंड.
लोक हुशार. मांडवखर्चातच धरू लागले:
केळीचे खुंट, वाजंत्री, दंड.
त्याच साली विश्वनाथानं ठमीला उजवली.
ठमीला दहावं लागलेलं.
फिर्याद फिरत फिरत आली ती काकांच्याच टेबलावर.

शिरस्तेदार कानाशी वाकला,
‘साहेब, दुसऱ्या कोर्टात वर्ग करू.’
‘दुसरा माझ्याकडं बघून सोडून देईल,’
काका म्हणाले.

पिंजऱ्यातल्या भावाला विचारलं, नाव?
सांगितलं.
बापाचं नाव?
‘तुमचं जे, तेच.’

पन्नास रुपये.
निकालपत्र पाच ओळींचं. मी पाहिलंय,
शेवटच्या ओळीत टाक दोनदा बुडवलेला दिसतो.
विश्वनाथ त्यानंतर बडोद्याला आले नाहीत,
भावाच्या तेराव्यालाही नाही.

गेल्या मार्गशीर्षात मी डभोईला गेलो.
हिरा भागोळीजवळ विचारत विचारत घर सापडलं.
जितुभाई ताम्हाणे, वय पंच्याऐंशी,
मराठी फक्त आरतीपुरती, आणि शिव्यांपुरती.
चहा आला. शेव आली.
मग म्हातारा उठून आत गेला आणि
ठमीफोईचा पत्र्याचा डबा घेऊन आला.
त्यात एक नथ, मोती गेलेली,
आणि दंडाची पावती, घड्यांवर फाटलेली.

भरणाराचं नाव:
सौ. उमाबाई दामोदर ताम्हाणे.

‘छोट्या गाडीनं आल्या होत्या, एकल्या,’
जितुभाई म्हणाले, अर्धं त्यांच्या भाषेत, अर्धं माझ्या.
‘फोई सांगायची, काकीनं जवळ घेतलं
तर हातात नुसता काचेचा आवाज.
सोनं कुठं ते विचारायची अक्कल नव्हती,
दहा वर्षांची होती ती.’

परत आल्यावर त्या सालचं जमाखर्चाचं बाड काढलं.
काका पैन् पै लिहायचे:
कोथिंबीर, टपाल, न्हाव्याचा पैसा,
भिकाऱ्याला दिलेला खोटा आणासुद्धा, ‘खोटा’ म्हणून.
त्याच आठवड्यात एक ओळ आहे,
‘घरातून पाटल्या दुरुस्तीस दिल्या.’
पुढं रकमेचा रकाना मोकळा.
परत आल्याची नोंद पुढं कुठंच नाही,
मी दिवाळीपर्यंत शोधली.

त्यांना ठाऊक होतं की नव्हतं,
याचा निकाल मी देत नाही. माझं ते काम नाही,
मी आयुष्यभर विजेची बिलं वाटली.

काल जितुभाईंच्या नातवानं मोबाइलवर नावं पाठवली,
गुजराती लिपीत, एकोणतीस.
काच उतरवून ठेवलीय.
मुलींची नावं वंशावळीत घालत नाहीत, माहीत आहे.
तरी पहिलं ठमीचं लिहिणार.
बाकीची वीतभरात मावतील का,
पेन्सिलीनं आखून बघतोय.